घास लहान, रेस पूर्ण

गेल्या दिवाळीनंतर मी एका जुन्या बेलरच्या पुस्तिकेचं मराठी केलं. एरवी मी बंगालीतून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते आणि घरखर्चासाठी करारनामे, माहितीपत्रकं, औषधांच्या सूचना असं जे येईल ते करते. यादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना आम्ही अनुवादावर रात्र-रात्र वाद घातले. पण एका साध्या शब्दाच्या भाषांतरावर कुणाची बोटं अवलंबून असू शकतात, हे त्या वादांत कधी आलं नव्हतं. तो शब्द म्हणजे 'हळू'.

काम माझ्या मामेभावाचं होतं. तो गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान करतो. पूर्वी तिकडे धान हाताने कापलं जाई, बांधीत पुंजणे रचले जात, मळणी झाली की तणसाचे ढीग गोठ्याजवळ येऊन उभे राहत. आता हार्वेस्टर येतो, दाणे घेऊन जातो आणि तणस बांधीतच पसरून राहतं. ते गोळा करायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत. मग बरेच जण काडी लावून मोकळे होतात. मामेभावाला ते पटेना. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी कर्ज काढून पंजाबातून आलेला एक जुना, चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर घेतला. सोबत इंग्रजी पुस्तिका मिळाली. तेलकट पानं, शेवटची काही गायब. "ताई, एवढं मराठी करून दे. आम्ही चित्रं पाहून चालवतो आहोत," असा त्याचा फोन आला, आणि पाठोपाठ पानांचे फोटो.

ज्यांनी बेलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं हे यंत्र तणसाच्या ओळीवरून चालतं. पुढचे दाते तणस उचलतात, आतली बोटं ते एका लांबट पेटीत ढकलतात. पेटीत एक जड दट्ट्या सारखा मागेपुढे होत असतो. प्रत्येक धक्क्याला तो एक घास दाबतो, आणि त्याच्या कडेचं पातं बाहेर राहिलेलं तणस कापून टाकतं. थरावर थर बसतात. गठ्ठा ठरल्या लांबीचा झाला की दोन वाकड्या सुया सुतळी घेऊन वर येतात, दट्ट्यातल्या खाचांमधून पार होतात, आणि वरचं गाठयंत्र क्षणात गाठ मारून सुतळी कापतं. सुतळीला आपोआप गाठ मारण्याची ही करामत अमेरिकेत जॉन ॲपलबीने १८७० च्या दशकात धान्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी जुळवून आणली. शेतातून गवत उचलून गठ्ठा स्वतःच बांधणारा बेलर पेन्सिल्व्हेनियातल्या एडविन नोल्टने १९३० च्या दशकाच्या अखेरीस बनवला. मामेभावाचा बेलर त्याच घराण्यातला.

पहिल्याच आठवड्यात त्याचा शिअर बोल्ट चार वेळा तुटला. हा बोल्ट यंत्राच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर असतो आणि तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. आत काही अडकलं, सुया पेटीत असताना दट्ट्या त्यांच्यावर येणार असं झालं, की बोल्टने आधी तुटायचं आणि बाकी सगळं वाचवायचं, अशी ती योजना. चार बोल्ट गेल्यावर गावातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: म्हातारं मशीन आहे, हळू चालव. मामेभावाने रेस कमी केली. बोल्ट आणखी तुटू लागले. मग एका दुकानदाराने त्याच मापाचा कडक पोलादाचा बोल्ट दिला, "हा तुटणारच नाही" म्हणून. तो बसवायच्या आधी मामेभावाने मला विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय?

पुस्तिकेत लिहिलं होतं ते गावाच्या सल्ल्याच्या अगदी उलट. कडक बोल्ट कधीही लावू नये, हे तर होतंच. कारण मग तुटायची पाळी सुयांवर आणि गाठयंत्रावर येते, आणि जुन्या यंत्राचे ते भाग शोधायला पंजाब गाठावा लागतो. पण त्याच्याही आधी, चौकटीत छापलेलं होतं की ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला ताकद देणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच चालला पाहिजे. कमी नको, जास्तही नको. आणि त्याखालीच सूचना होती की तणस दाट असेल तर 'हळू' जावं.

मराठीत ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून पाहिली आणि मी थांबले. 'यंत्र पूर्ण वेगात ठेवावे. तणस दाट असल्यास हळू चालवावे.' इंग्रजीत काय हळू आणि काय पूर्ण, याचा घोळ होत नव्हता, कारण एक शब्द जमिनीवरच्या चालीसाठी होता आणि दुसरा दांड्याच्या फिरण्यासाठी. मराठीत वाचणारा माणूस दोन्ही वाक्यं वाचेल आणि हात नेईल तो रेसच्या दांडीकडेच. शिवाय 'ठेवावे', 'चालवावे' या क्रियापदांची आपल्याला सवय कशी झालेली आहे ते माहीत आहे. ती सरकारी फलकावर असतात आणि फलकाखालीच लोक नेमकं ते करत नाहीत.

मला यंत्रांचं काही कळत नाही. पण मी राहते बजबजला. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठी, सियालदहहून येणारी लोकल जिथे संपते तिथे. एका बाजूला तेलाच्या टाक्या आणि दुसऱ्या बाजूला ज्यूटच्या गिरण्या असं हे गाव. इथे प्रत्येक गल्लीत यंत्रावर आयुष्य काढलेला निदान एक माणूस सापडतो. आमच्या शेजारी असे एक काकू राहतात. मराठी वाचकांनी दचकू नये, बंगालीत काकू म्हणजे काका. बजबजला आले तेव्हा एका मिशीवाल्या गृहस्थांना काकू म्हणताना माझी जीभ महिनाभर अडखळत होती. हे काकू एका गिरणीच्या तांतघरात, म्हणजे मागांच्या खात्यात, मिस्त्री होते.

मी त्यांना बेलरची हकिकत सांगितली. त्यांनी बेलर जन्मात पाहिलेला नाही. तरी ते लगेच म्हणाले, "आस्ते चालाले माकू पौंछोय ना." हळू चालवलं तर माकू पोचत नाही. माकू म्हणजे आपला धोटा. जुन्या मागावर धोट्याला एका बाजूने मार बसतो आणि तो ताण्यांमधून उडत जाऊन पलीकडच्या खणात शिरतो. तो मार मागाच्या वेगातूनच येतो. वेग कमी पडला की धोटा अर्ध्या वाटेत राहतो, माग दाणकन थांबतो, नाहीतर ताण्याचे धागे तुटतात. विजेचा दाब उतरलेल्या दिवशी सगळ्या खात्यात हेच चालायचं, काकू म्हणाले. नवे तांती त्या दिवसाला आरामाचा दिवस समजत. जुन्यांना ठाऊक असे की आज दुप्पट मेहनत आहे.

मग त्यांनी मला फ्लायव्हील समजावून सांगितलं, आणि पुस्तिकेतला आकडा माझ्यापुरता जिवंत झाला. दट्ट्याला लागणारी ताकद सबंध फेरीत सारखी नसते. परत येताना काहीच लागत नाही. दाबताना आणि कापताना एकदम लागते. ट्रॅक्टर काही दर सेकंदाला असा झटका देऊ शकत नाही. तो फ्लायव्हील सारखं फिरवत राहतो आणि झटका फ्लायव्हील देतं, साठवलेल्या जोरातून. हा साठा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५४० च्या जागी ३८० फेऱ्या ठेवल्या तर वेग तीस टक्क्यांनी कमी होतो, पण साठा जवळजवळ निम्मा होतो. तणस मात्र तेवढंच टणक असतं.

यात आणखी एक गोम आहे, आणि ती मला स्वतःच्या हाताने आकडेमोड केल्याशिवाय पटली नाही. गिअर तोच ठेवून रेस कमी केली की ट्रॅक्टरची चाल आणि दट्ट्याचे धक्के दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. म्हणजे प्रत्येक धक्क्याच्या वाट्याला येणारं तणस पूर्वीइतकंच राहतं. घास तेवढाच, आणि तो चावायची ताकद निम्मी. बोल्ट तुटणार नाही तर काय होईल? यंत्राचं ओझं खरोखर हलकं करायचं असेल तर गिअर खालचा घ्यायचा आणि रेस पूर्ण ठेवायची. मग ट्रॅक्टर कमी अंतर जातो, दाते कमी तणस उचलतात, आणि दट्ट्या आपल्या चालीत लहान लहान घास दाबत राहतो. थरही सारखे बसतात, गठ्ठा केळ्यासारखा वाकत नाही.

वेग जास्त झाला तरी तेच संकट दुसऱ्या बाजूने येतं. इतका जड दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो. वेग वाढला की त्याचे हिसकेही वर्गाने वाढतात, आणि झिजलेले बेअरिंग, सैल झालेल्या पट्ट्या ते सोसत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या यंत्राच्या बाबतीत तो आकडा अधिकच पाळायचा.

पण मामेभावाच्या ट्रॅक्टरचं मीटर बंद होतं. ५४० मोजायचे कसे? काकू म्हणाले, आवाज मागव. पुस्तिकेप्रमाणे ५४० ला या बेलरचे मिनिटाला ७५ धक्के पडायला हवेत. मामेभावाने रिकामा बेलर नेहमीच्या रेसवर चालवून मिनिटभराचा आवाज पाठवला. काकू डोळे मिटून, मांडीवर बोट आपटत ऐकत बसले. मागांच्या गोंगाटात एका मागाचे ठोके वेगळे काढून मोजण्यात त्यांची हयात गेलेली. "एकषट्टी," ते म्हणाले. मी पुन्हा लावून मोजले. एकसष्टच. म्हणजे सुमारे ४४० फेऱ्या, आणि साठा दोन तृतीयांश. तोही रिकाम्या यंत्राचा, तणस आत जाण्याच्या आधीचा.

आकडा कळवला. मामेभाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, पंच्याहत्तरला लय आवाज करते ते. भीती वाटते."

ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. मामांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. मी शाळेत होते तेव्हा मळणी यंत्रात धान भरवताना ती गेली. त्या काळी असे हात गावोगाव होते. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळेच १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पण आमच्या मामांच्या भाड्याच्या यंत्रापर्यंत तो पोचला नव्हता. मामेभाऊ तेव्हा पाच वर्षांचा. तो तिथेच खेळत होता. त्याच्या लेखी यंत्र जोरात फिरणं म्हणजे काय, हे एकदाच आणि कायमचं ठरून गेलेलं आहे. तो रेस कमी करतो ती बोल्टसाठी नाहीच. त्याच्या बेलरच्या मागे एक पोरगा असतो. गठ्ठे बाजूला करतो, तणस तुंबलं तर ओढतो. त्याच्या हातांसाठी तो रेस कमी करतो.

आणि इथे माझं अडलेलं भाषांतर नुसतं भाषेचं राहिलं नाही. आपल्या 'हळू'मध्ये दोन गोष्टी एकत्र नांदतात, मंदपणा आणि जपणं. हळू चाल, हळू बोल, बाळाला हळू ठेव. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आणि माया तीच. बंगालीतलं 'आस्ते' अगदी असंच आहे. ते फारसीतल्या 'आहिस्ता'वरून आलं. पायांनाही लागतं आणि आवाजालाही. ज्या भाषांत सावकाश आणि जपून यांना एकच शब्द आहे, त्या बोलणाऱ्याला जपायचं म्हटलं की वेगच कमी करावासा वाटतो. बेलरच्या बाबतीत त्याने कुणीच जपलं जात नाही. कमी रेसवर तणस तुंबण्याची शक्यता वाढते, तुंबलं की पोरगा हात घालतो, आणि यंत्र 'हळूच तर फिरतंय' म्हणून बंद कुणी करत नाही. मिनिटाला एकसष्ट धक्के म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त. माणसाचा हात त्याहून चपळ नसतो. पीटीओ सोडल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि ते थांबेपर्यंत दट्ट्याही थांबत नाही.

मी 'हळू'चं मूळ पाहायला गेले. व्युत्पत्तीने त्याचं नातं संस्कृत 'लघु'शी जातं, आणि लघुचा पहिला अर्थ हलका. हिंदीतलं 'हल्का', आपलं 'हलकं' हे सगळं एकाच गोतातलं. म्हणजे हा शब्द मुळात वेगाचा नाहीच, वजनाचा आहे. ओझं हलकं करणं हेच त्याचं पहिलं काम, आणि पुस्तिकेलाही नेमकं तेच हवं होतं. पण व्युत्पत्ती ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या उपयोगाची नाही. मी सगळ्या मजकुरातून 'हळू' काढून टाकला. त्या जागी जिथे जे हवं ते नाव घेऊन लिहिलं: गिअर, रेस, घास.

एका धक्क्यात दाबल्या जाणाऱ्या तणसाला पुस्तिकेत तांत्रिक नाव होतं. मी 'घास' केलं. हिंदी बोलणाऱ्याला तिथे गवत दिसेल आणि आपल्याला तोंडात जाणारा तुकडा. या यंत्राच्या बाबतीत दोन्ही खरं.

मग मागच्या पोराचा प्रश्न आला. तो बंगाली आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहेत, गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडेही आहेत. त्यांची तिसरी पिढी आता तिथलीच झाली आहे. मी मोठ्या उत्साहाने बंगाली पत्रकही तयार केलं, आणि मामेभाऊ म्हणाला, "त्याला बंगाली वाचता येत नाही. बोलतो बंगाली, वाचतो मराठी." तेव्हा मराठी पत्रक तेच ठेवलं आणि बंगालीसाठी काकूंना बोलायला लावलं. काकूंचे वडील बरिशालचे. गिरणीत असताना ते शहरी बंगाली बोलत. पण फोनसमोर बसल्यावर त्यांनी घरातली बोली काढली. काय-काय सांगायचं ते मी लिहून दिलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि नातवाला सांगावं तसं सांगितलं. त्यातलं शेवटचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. मला हात दोन मिळाले होते, ते दोन्ही घेऊन मी निवृत्त झालो, असं ते म्हणाले.

पत्रक शेवटी एका पानाचं झालं. मामेभावाने ते प्लास्टिकमध्ये घालून मडगार्डवर लावलं आहे. त्यात एवढंच आहे:

सुरू करण्याआधी ट्रॅक्टर बंद असताना फ्लायव्हील हाताने एक पूर्ण फेरी फिरव. सुया कुठे अडतात का बघ. पीटीओ कमी रेसवर जोड, मग रेस चढव. धक्के मोज: मिनिटाला ७५. तणस दाट असेल तर गिअर खालचा घे, रेस तीच ठेव. घास लहान, रेस पूर्ण. बोल्ट तुटला तर नरमच लाव, आणि का तुटला ते आधी शोध. तुंबलं तर पीटीओ सोड, इंजिन बंद कर, किल्ली खिशात घाल, फ्लायव्हील थांबलेलं डोळ्यांनी बघ. मगच हात. तणसात काम करताना या मशीनचे दोनच वेग आहेत: पूर्ण आणि शून्य.

'किल्ली खिशात' हे पुस्तिकेत नव्हतं. ते मामांनी घालायला लावलं.

रेसच्या दांडीवर जिथे ७५ धक्के पडतात तिथे मामेभावाने लाल रंगाची रेघ मारून घेतली. पहिला दिवस तो रेघेपर्यंत रेस चढवून नुसता उभा राहिला, बेलर रिकामा फिरवत. दुसऱ्या दिवशी खालच्या गिअरवर बांधीत उतरला. उरलेल्या हंगामात दोन बोल्ट तुटले. एक धुऱ्याचा दगड आत गेल्याने, दुसरा सकाळच्या दवात ओलं तणस उचलल्याने. दोन्ही वेळा कारण सापडलं. काम मात्र त्याला वाटलं होतं त्याहून कमी होतं. खालच्या गिअरवर दिवसाला एकर कमी पडतात, डिझेल जास्त जातं, आणि कर्जाचा हप्ता काही गिअर बघून येत नाही. एक भागीदार अजून कुरकुरतो.

डाव्या बाजूच्या गाठीही सुटतात. वेग बरोबर ठेवला तरी सुटतात. म्हणजे तो दोष वेगाचा नाही, झिजेचा आहे. गाठयंत्रात एक लहान वाकडा आकडा असतो, तो सुतळी स्वतःभोवती गुंडाळतो, तोंड उघडतो, टोकं पकडतो आणि गाठ ओढून काढतो. इंग्रजी नावात त्याला पक्ष्याच्या चोचीची उपमा आहे. मी दोन दिवस मराठी प्रतिशब्द शोधत होते. मागच्या पोराने तो भाग जवळून पाहिला, यंत्र बंद करून, आणि मामेभावाला विचारलं, चोच घासली आहे का? आता पत्रकाच्या दुसऱ्या बाजूला मी चोचीबद्दल लिहिते आहे.